मी काय म्हणाले होते

रांझी, जबलपूर
१७ नोव्हेंबर २०२२

प्रिय मनू,

जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी पडली. तुझ्या बाबांनी कानटोपी काढली, पण पंखा काही बंद करू देत नाहीत. तुझ्याकडे परदेशात म्हणे आता उन्हाळा येतो. नव्या खोलीत स्वयंपाक करू देतात का?

फोन असताना पत्र काहून, असं वाटेल तुला. फोन आला की तुझे बाबा शेजारी येऊन बसतात. तू विचारतेस, "आई, कशी आहेस?" आणि ते सांगतात, "मजेत आहे." गुडघा माझा, ठणका माझा, आणि "आता आराम आहे" हे त्यांचं. म्हणून विहारात बसून लिहून राहिले. लता शेजारी बसून शेंगा सोलते आहे. मराठीत लिहिते आहे, हिंदीत नाही. कोणाकडून वाचून घेऊ नको. अडखळत वाच, दोन दिवस लागू दे, पण तूच वाच.

तुझा निबंध आला. बाबांनी प्रिंट काढून आणली, शेजारच्या तिवारीजींना वाचून दाखवली, मग मलाही अर्थ सांगितला. "माझी आई सांगते की संकटात तिला कुटुंबानं उभं केलं." तुझ्या मॅडमना ते फार आवडलं म्हणे.

मनू, माझं डोकं फिरलं. मी असं म्हणालेच नव्हते.

तुझा अभ्यास मला जेवढा समजला तो असा: माणसानं आपल्यावर गुदरलेलं आपल्या तोंडानं सांगायचं, बाकीच्यांनी नीट ऐकायचं, प्रश्न विचारायचे, आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच काही नवं दिसतं. देशोदेशीचे लोक आपापल्या रीतीनं हे करतात, वस्त्यांमधून करतात. चांगलं आहे. पण आपल्या तोंडानं, असंच ना? मग त्या दिवशी तू कॉम्प्युटरवर सगळा वर्ग बसवलास, केनियाचा तो उंच मुलगा, चिलीची बाई, पांढऱ्या केसांच्या मॅडम, आणि माझ्या मराठीचं इंग्रजी करायला बसवलंस कोणाला? तुझ्या बाबांना! ज्या माणसानं जन्मभर फॅक्टरीच्या ऑफिसात साहेबांची पत्रं गुळगुळीत करून दिली, त्याला!

मॅडमनी विचारलं, सगळ्यात कठीण दिवसांत तुम्हाला कशानं उभं केलं? मी बोलले. चांगली पाच-सात वाक्यं बोलले. बाबांनी घसा साफ केला आणि एका वाक्यात उरकलं. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण 'फॅमिली' आणि 'कल्चर' कळतं. चिलीच्या बाईनं छातीला हात लावला. तू म्हणालीस, "थँक्यू आई, सो ब्युटिफुल."

तुला ऐकू गेलं नाही, की कळलं नाही? आवाज तुटत होता म्हणून सोडून देते. पण लहानपणी तू हिंदीत उत्तर द्यायचीस तेव्हा मीच "चलो ठीक है" म्हणत राहिले, तेही आठवलं.

कॉम्प्युटर बंद झाल्यावर मी विचारलं, "तुम्ही काय सांगितलं त्यांना?"

"जे सांगण्यासारखं होतं ते."

"आणि मी बोलले ते?"

"परक्या लोकांसमोर घरातलं काहून काढायचं? पोरीची परीक्षा आहे तिथं." आणि टीव्ही लावला.

आता तुला सांगते. मघापासून थंडी, पंखा, निबंध करत टाळून राहिले, पण सांगते.

तुझ्याआधी मला एक मुलगा झाला होता. गुणवंत नाव ठेवलं होतं. पाच महिन्यांचा होता. ताप आला, उतरला, पुन्हा चढला, आणि सकाळी तो गेला. तुझे बाबा त्याला घेऊन गेले. बायांनी तिकडे जायचं नसतं म्हणून मला दारातच थांबवलं. कुठं ठेवलं, कोणी सांगितलं नाही. तुझी आजी म्हणाली, आता या घरात हा विषय नको. मला दूध येत होतं, मनू. पदर ओला व्हायचा, मी बदलायची, आणि भाकरी टाकायची.

वर्गाला मी हेच सांगितलं होतं. म्हणाले होते, मला कोणी उभं केलं नाही. उभं राहावं लागलं, कारण बसू देत नव्हते.

बाबांशी मी आठवडाभर बोलले नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण माझ्या वाटचं तेच बोलत होते! मग रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी सगळ्या बायांसमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. कोणी धीर दिला नाही, कोणी समजावलं नाही. लतानं फक्त विचारलं, "कोणासारखा दिसायचा?" एवढ्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, कान बापासारखे, बाकी माझा. मग लतानं आपलं सांगितलं. मग अंजनीनं. संध्याकाळ झाली तरी कोणी उठेना. याला तुमच्यात काही नाव असेल तर असू दे, मला कळवू नको.

बातमी घरी माझ्याआधी पोचली. दुसऱ्या दिवशी लता दारात उभी. "दयाराम भैया, पोराला कुठं ठेवलं ते तिला दाखवा ना." बाबा माझ्याकडे बघत राहिले, जसं काही मी त्यांच्या वतीनं उत्तर देणार. मी तांदूळ निवडत बसले.

परवा सकाळी बाबा म्हणाले, "चल."

तिलवाऱ्याला गेलो. नर्मदेच्या काठानं ते पुढे, मी मागे. "इथं बाभळ होती." बाभळ नव्हती. "थोडं वर असेल." वर घाट बांधलेला. पँट दुमडून चिखलात उतरले. एका नाववाल्याला विचारलं, तो म्हणाला, "दादाजी, किनारा तो कितनी बार बदल गया." तेव्हा ते खालीच बसले, मला म्हणाले,

"भागीरथा, सापडून नाही राहिलं."

मग म्हणाले, "सायकलवर आणलं होतं. टॉवेलात. रस्ताभर एका हातानं धरून ठेवलं, पडू नये म्हणून."

आणि ओक्साबोक्शी रडले. इतका संताप आला मला! रडायला मी आले होते. जन्मभर माझी उत्तरं दिली, आता माझं रडणंही यांनीच घ्यावं? पण पदरानं नाक पुसलं त्यांचं. करते काय. नंतर तिथंच बसून मीही रडले, माझं वेगळं.

तर मनू, निबंधातलं ते वाक्य काढ. मॅडमना सांग, ते माझं नव्हतं, माझं हे आहे. मार्क कमी झाले तर होऊ दे. पुढल्या वेळी वर्ग बसवशील तेव्हा बाबा बाजूला बसतील, त्यांना विचारलं तर त्यांचं बोलतील. माझं इंग्रजी तू करायचं. शब्द अडला तर थांबव मला, मी पुन्हा सांगीन.

गुणवंतची आणि तुझी,
आई