इस्त्रीच्या दुकानावरचे तुषार

अलेक्झांड्रिया, ९ ऑक्टोबर

प्रिय इनआमताई,

सलाम. तुझा गुडघा कसा आहे? इथला उकाडा ओसरला. आई बरी आहे. मुलूखियाची भाजी निवडायला बसली की तुझं नाव काढते, भावोजींच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर इनआम फिरकली नाही म्हणते. मी विषय बदलते.

भावोजींच्या इस्त्रीच्या दुकानासमोरची बाजार-इमारत गेल्या महिन्यात बंद केली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. छतावरच्या एसीच्या कूलिंग टॉवरमधल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू सापडले. त्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यावर खाली येतात, श्वासातून छातीत जातात आणि न्यूमोनिया होतो. उकाड्यामुळे भावोजी दार सताड उघडं ठेवून काम करायचे.

चाळिसाव्याला तू माझा हात धरून म्हणालीस, "मी आणखी हट्ट धरला असता, तर त्यांनी सिगारेट सोडली असती गं. मीच कमी पडले." आणि मी होकारार्थी मान हलवली. ताई, त्या मान हलवण्याची मला लाज वाटते.

कारण जूनअखेरीस त्याच टॉवरचं पाणी नोकरीचा भाग म्हणून मी तपासलं होतं. मी येणार हे इमारतवाल्यांना आठवडाभर आधी ठाऊक होतं. छतावर गेले तर क्लोरिनचा वास नाकात भरला; सकाळीच औषध टाकलेलं. अशा पाण्यात जंतू लपून जातात. पुन्हा कधीतरी न कळवता जाऊन औषध टाकण्याआधीचं पाणी घ्यायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी शिकवायला नको. देखरेखीवरचा वग्दी म्हणाला, "मॅडम, ऊन फार आहे. बाटली भरा आणि खाली चहाला चला." मी बाटली भरली, चहा प्याले. अहवालात लिहिलं, जंतू आढळले नाहीत. तीन आठवड्यांत भावोजी गेले.

तुझं ते बोलणं ऐकून दुसऱ्या दिवशी मी न सांगता छतावर गेले. त्या पाण्यातले जंतू वाढवून बघायला दहा दिवस लागतात. पाचव्याच दिवशी ताटलीत जंतूंचे राखाडी ठिपके उमटले. इस्पितळाने भावोजींचा कफ जपून ठेवला होता. दोन्हींतले जंतू एकच निघाले. गल्लीतली आणखी तिघं आजारी पडली होती, ती वाचली. भावोजींची छाती सिगारेटने कमजोर झाली होती, हे खरं. पण आजार त्या छतावरून आला.

जूनमध्ये काय झालं ते मी आरोग्य खात्याला लिहून दिलंय. मला कामावरून थांबवलंय. रविवारी चौकशी आहे. तिथे सगळ्यांसमोर सांगेन. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. खरं तर सप्टेंबरमध्येच. दोनदा तुझ्या जिन्यापर्यंत येऊन परत गेले.

मला माफ कर असं लिहीत नाही. तू मात्र स्वतःला दोष देऊ नकोस. तू कमी पडली नव्हतीस.

रऊफा