कोडोलीचा पावणा

६ डिसेंबर २००३, शनिवार. सकाळ.
पोचलो. मालदीवचं माले, तिरुवनंतपुरम, बेंगळूर, कोल्हापूर. तीन वर्षांनी घर. स्टँडवर कुणी नव्हतं. फोनवर दोनदा सांगितलं होतं. गर्दी नको म्हणून आले नसणार.
रिक्षानं शाहूपुरीत उतरलो. अप्पा दारात पेपर वाचत बसले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "दुकान धा वाजता उघडतंय. गूळ पायजे का?" मी म्हटलं, अप्पा, मी शिवशरण. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "व्हय की."
अप्पांचे डोळे तपासून घ्यायला हवेत. (माझ्याकडं लागलं काम.)
आई, म्हणजे आमची अव्वा, रडली. विचारलं, "मासं खाल्लंस का तितं?" म्हटलं, लिंगायताचं पोरगं मासे कशाला खाईल. "मग काय खाल्लंस?" म्हटलं, नारळ. परत रडली.
माझी मुलगी शांभवी आठ वर्षांची झाली. आईच्या मागं लपून बघत होती. प्रवासाचा थकवा असावा. तिला.

त्याच दिवशी, दुपार.
सुट्टीचा प्लॅन पक्का:
पहाटे उठणे. शांभवीला इंग्लिश. अप्पांना दुकानात मॉडर्न पद्धती. मृत्युंजयचं लग्न. माझ्या धाकट्या भावाला एकतीस संपत आलं आणि दोन स्थळं मोडली. कारण उघड आहे. घरात वजनदार माणूस नव्हता.

७ डिसेंबर.
पहाटे उठणं उद्यापासून. टाइम झोन.
बैठकीत माझा मोठा फोटो लावलाय. लग्नातला, सुटातला, तेव्हा गालसुद्धा होते. खाली मृत्युंजयनं पेंटरकडून लिहून घेतलंय : प्रा. शिवशरण, फॉरेन. मी प्राध्यापक नाही, आठवीला गणित शिकवतो. आमच्या बेटाला चालत फेरी मारली तर चहा गार व्हायच्या आत माणूस परत येतो. पण लिहिलंय तर पुसायचं कशाला. उद्या होईनही.
शेजारच्या झुंबरबाई आल्या. फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. अव्वाला म्हणाल्या, "ह्यो त्येचा धाकटा व्हय?" अव्वा म्हणाली, हाच तो. झुंबरबाई म्हणाल्या, "फोटूतला बरा हाय."
या बाईंना पूर्वीपासून माणसं कळत नाहीत.

८ डिसेंबर.
मोठी बातमी. मृत्युंजयसाठी हुपरीचं स्थळ. मुलीचं नाव मोना. बी.कॉम. वडील बाळासो, चांदीच्या पैंजणांचा कारखाना घरातच. रविवारी आमच्याकडं बघायला येणार. मृत्युंजयनं मुलीला एका लग्नात बघितलंय आणि तेव्हापासून गुळाच्या ढेपा मोजताना चुकतोय, असं अप्पा म्हणाले.
ते लोक तयार का झाले? थोरला भाऊ फॉरेनला आहे म्हणून. म्हणजे माझ्यावरच उभं आहे सगळं. मृत्युंजयला सांगितलं, काळजी करू नको, मी आहे. तो माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. भारावला होता.

९ डिसेंबर.
सूट घालून बघितला. बायको शिवांजली म्हणाली, "अजून एक माणूस बसंल ह्यात." प्लॅन : रविवारपर्यंत वजन वाढवणे. कोल्हापुरात अवघड नाही. गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यालो. पहिलवान पितात तेवढं. गवळी म्हणाला, "पावणं, सवय हाय न्हवं?" म्हटलं, लहानपणापासून.

१० डिसेंबर.
तीन वर्षं पावडरचं दूध प्यालेल्या माणसानं असं करू नये.
दिवसभर दुसरीकडं लक्ष देता आलं नाही.

११ डिसेंबर.
कालच्यापेक्षा बारीक दिसतोय असं सगळ्यांचं म्हणणं. सगळ्यांचं एकमत झालं हे चांगलंच.
रंगाचा प्रश्न अव्वानं हातात घेतला. बेटावरच्या उन्हानं मी तव्यासारखा झालोय म्हणते. हळद, बेसन, साय. दोन तास लावून बसवलं. धुतल्यावर काळा तसाच राहिलो, वरून पिवळा झालो. शांभवी पहिल्यांदाच हसली. हसून पळून गेली. हळूहळू जवळ येतेय.

१२ डिसेंबर.
अप्पांनी दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. खूप वेळ गुळाच्या ढेपेवरची माशी हाकलत बसले. मग म्हणाले, "शिवा, तू जरा कोडोलीला जाऊन ये. आक्का लई आठवण काढतीया."
आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. म्हटलं, रविवारचं झालं की जातो.
"न्हाय, उद्याच जा. सोमवारी ये."
मी म्हटलं, पण पाहुणे मलाच बघायला येणार ना. अप्पा म्हणाले, "त्येंनी फोटू बघितलाय. तेवढं बास हाय."
आधी कळेना. मग उलगडलं. अप्पा पन्नास वर्षं व्यापारात आहेत. चांगला माल पहिल्या दिवशी दाखवत नाहीत. मानलं अप्पांना.

१३ डिसेंबर. कोडोली.
आक्का ऊसतोडणीच्या गडबडीत. मला बघून म्हणाली, "तू कवा आलास? कुणी धाडलं?" आठवण काढत होतीस म्हणे, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "काढत असंन." मग हातात कोयता दिला.
निसर्गाच्या सान्निध्यात रेस्ट.

१४ डिसेंबर, रविवार. कोडोली, सकाळ.
अंग मोडून आलंय. पण मुख्य काळजी घरची. माझ्याशिवाय बोलणार कोण? अप्पा बोलत नाहीत, मृत्युंजय मोनाचं नाव काढलं की तोतरा होतो. बापाच्या डावपेचापेक्षा भावाचं कर्तव्य मोठं. निघालो. माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मागं लटकून जागा मिळाली.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण असं रोज होत नाही.
पुढच्या दारानं आत गेलो. बैठकीत पाहुणे. हातात पोह्यांच्या बशा. माझ्या डोक्यात उसाचा पाचोळा, अंगावर जीपमधली धूळ. मृत्युंजयनं डोळे मिटले.
बाळासोंनी मला हात जोडून "शरणू" म्हणून नमस्कार केला आणि अप्पांना विचारलं, "हे पावणं कोण?"
अप्पा जन्मात खोटं बोललेले नाहीत. म्हणाले, "कोडोलीवरनं आल्यात."
"भावकीतलं काय?"
"व्हय. अगदी जवळचं."
मी तोंड उघडणार, तेवढ्यात अव्वानं माझ्या हातात बशी दिली. "खावा पावणं," म्हणाली. स्वतःची आई. माझ्या लक्षात आलं, प्लॅन अजून चालू आहे. मी साथ दिली. शिक्षकाला प्रसंगावधान असतं.
बाळासो फोटोकडं बघत म्हणाले, "आमचं सगळं ह्या थोरल्याकडं बघून चाललंय. पण कुणी कायच सांगंना. माणूस कसा हाय?" अप्पा पंख्याकडं बघू लागले. मग बाळासोंनी मलाच विचारलं, "पावणं, तुम्ही बघितलाय न्हवं त्येला?"
मी म्हटलं, अगदी जवळून.
आणि मग बोललो. माझ्याबद्दल माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? शिस्त, विद्वत्ता, साधेपणा. बेटावरची पोरं समुद्रात उतरायच्या आधी सरांना विचारतात. (एकानं विचारलं होतं. वेळ किती झाली म्हणून.) एवढा मोठा माणूस, पण घरची आठवण आली की संध्याकाळी जेटीवर एकटाच बसतो. हे बोलताना मी बशी खाली ठेवली. स्वयंपाकघराच्या दारात शिवांजली उभी होती, ती आत गेली.
बाळासोंनी डोळे पुसले. म्हणाले, "ठरलं. असल्या घरात पोरगी द्यायची न्हाय तर कुटं द्यायची?"
मृत्युंजय माझ्या गळ्यात पडणार होता, मग आठवलं आणि अप्पांच्या पडला.
फक्त एक. बाळासो जाताना म्हणाले, पुढच्या रविवारी साखरपुडा, पण थोरल्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय नाही. अप्पा म्हणाले, त्याला रजा नसते. "मग फोनवर बोलू की."

१५ डिसेंबर.
घरात बैठक. मी सुचवलं, आता सांगून टाकू की मीच तो. इतकं ऐकल्यावर आनंदच होईल त्यांना. मृत्युंजय हळूच म्हणाला, "अण्णा, तू काल लई उंच सांगितलास. आता तितं तूसुदिक पोचत न्हाईस."
कौतुक करायची त्याची ही पद्धत.
ठरलं : रविवारी कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमधून मी घरी फोन करायचा. परदेशातून.
शिवांजली भांडी लावत होती. म्हणाली, "दोन नवरे झाले मला. एक फोनवर, एक कोडोलीचा. माझा कुटला म्हनायचा?" मी म्हटलं, ही चेष्टेची वेळ नाही. ती चेष्टा करत नव्हती बहुतेक. नंतर विचारतो.

१८ डिसेंबर.
रिहर्सल. आवाजात अंतर यायला हवं. वाक्यानंतर थांबणे, अधूनमधून "हॅलो, हॅलो". शांभवीचं इंग्लिश राहिलं. साखरपुड्यानंतर.

२१ डिसेंबर, रविवार.
ठरल्या वेळी साखरपुड्याच्या पाहुण्यांमधून हळूच उठलो, बूथवर गेलो, घरचा नंबर फिरवला. बाळासो फोनवर आले.
मी ओरडलो, "हॅलो, मी मालदीववरून बोलतोय."
बूथवाला म्हणाला, "साहेब, लोकल कॉल हाय. एवढं का वरडालाईसा?"
बाळासोंनी विचारलं, "तितं मराठी कोण बोलतंय?" म्हटलं, आपली माणसं सगळीकडं आहेत. ते म्हणाले, "तुमचा आवाज अगदी त्या कोडोलीच्या पावण्यागत हाय." म्हटलं, रक्त एकच.
मग ते आवाज बारीक करून म्हणाले, "त्येच्याबद्दलच बोलायचं होतं. गरीब दिसतोय वो. उपाशी असल्यागत खात हुता त्या दिवशी. पण तुमच्यावर लई जीव हाय त्येचा. त्येला तिकडं कुटंतरी चिकटवा की."
बूथच्या काचेत मी मला दिसत होतो. म्हटलं, बघतो.
मग फोन शांभवीकडं गेला. पुढं नुसतं लिहून ठेवतो. तिला माहीत होतं मी कोपऱ्यावर आहे. तरी दर रविवारी बोलते तशी बोलायला लागली. दात पडला ते, बाईंनी पुढच्या बाकावर बसवलं ते, तिला निळी सायकल हवी आहे आणि आईला सांगायचं नाही ते. थांबेचना. म्हटलं, शांभवी, घरात माझ्याशी का बोलत नाहीस? ती म्हणाली, "समोर असलासा की काय बोलायचं कळत न्हाय, पप्पा. फोनवर तुम्ही असता."
मग विचारलं, "तुम्ही घरी कधी येणार?"
मी म्हटलं, लवकर.
बूथवाला बाकीचे पैसे परत देत होता, ते घ्यायचे राहिले.
परत आलो तोवर पंगत उठली होती. ड्रायव्हर लोकांबरोबर बसलो. जेवण उत्तम. बाळासोंनी मला टॉवेल-टोपी केली. फॉरेनच्या भावासाठी चांदीची गणपतीची मूर्ती दिली आणि म्हणाले, "त्येच्यापर्यंत पोचवा, मधी ठेवून घेऊ नगा."

२३ डिसेंबर.
लग्न मेमध्ये. मी म्हटलं, काहीही करून येतो. अप्पा म्हणाले, "कशाला तरास? फोन कर." अव्वा म्हणाली, तिकडं नीट खात जा, बाकी आम्ही बघतो. म्हटलं, मोना या घरात आली की मी येणारच ना कधीतरी? अप्पा म्हणाले, "आधी येऊ तर दे तिला."
बरोबर आहे. एका वेळी एक गोष्ट.

२८ डिसेंबर.
शिवांजलीला विचारलं, त्या दिवशी काय म्हणायचं होतं तुला. ती म्हणाली, "काय न्हाय." मग थोड्या वेळानं, "ते जेटीवर एकटं बसतो म्हणालासा, ते तरी खरं हाय का?" म्हटलं, ते खरं आहे. तिनं माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली. एवढंच झालं. मला का कोण जाणे फार बरं वाटलं.
करार संपला की कायमचा परत यायचा निर्णय आज घेतला. घरात अजून सांगितलेलं नाही. त्यांना एकदम आनंद झेपणार नाही.

२ जानेवारी २००४. बसमध्ये.
स्टँडवर सगळे सोडायला आले. शांभवीसुद्धा. बेंगळूरची गाडी लागायला उशीर होता. म्हटलं, निर्णय आत्ताच सांगावा. घसा साफ केला. तेवढ्यात समोरच्या हुपरीच्या गाडीजवळून बाळासो येताना दिसले. अव्वा खांबामागं गेली.
"पावणं, एवढी बॅग घेऊन कुटं निघालासा?"
मी थकलो होतो. खरं सांगितलं. म्हटलं, मालदीवला.
बाळासोंनी मला मिठीच मारली. "न्हेलंच की भावानं. मी फोनवर सांगितलतं त्येला. बारा दिसांत काम केलं बघा. असला माणूस." अप्पांना म्हणाले, "तुमच्या थोरल्याला देव सुखी ठेवू दे." अप्पांनी मान डोलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.
मग बाळासो माझ्या खांद्यावर हात ठेवून समजावत राहिले. तिथं आळस करू नका. दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस राहणार. मिळालेली नोकरी सोडून लगेच परत यायचं तर नावच काढू नका, आता सोयरीक झालीय, लोक बघतायत. "भावाच्या नावाला बट्टा लावू नगा," म्हणाले.
गाडी लागली. मी त्यांना शब्द दिला.