घरबसल्या लागलेली परदेशी पट्टी

आदरणीय व्याहीबुवांना मनापासून नमस्कार.

(तीर्थरूप लिहावं तर तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी लहान, चिरंजीव लिहावं तर तुम्ही मुलाकडचे. म्हणून मधलं काहीतरी घातलं आहे, ते गोड मानून घ्या.)

इकडे सगळं ठीक. तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो? जिन्यावर कुरकुरतो की आता सपाटीवरही? झोपण्याआधी घरातले सगळे नळ दोनदा आवळून बघायची सवय अजून आहे, असं कानावर आलं. असू दे. पाणीपट्टीच्या कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला ठिबकणारा नळ म्हणजे उघडी जखम. विहीणबाईंची तब्येत मी विचारत नाही, कारण ती रोज दुपारी आमच्या फोनमधून ऐकू येते. आमची ही स्वयंपाकघरात बोलत असते आणि पलीकडून विहीणबाई हसल्या की इकडे माझ्या दुकानातल्या काचा हलतात. (दुकान आणि स्वयंपाकघर यांत एकच भिंत आहे, आणि ती कंत्राटदाराने बांधलेली आहे.)

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. तर फोनवर तुम्ही मध्येच बोलता. राग मानू नका, पण तुम्ही समोरच्याचं वाक्य असं तोडता, जसं थकबाकीदाराचं कनेक्शन तोडावं. कागदावर तुम्हांला मला थांबवता येत नाही, आणि विषय असा आहे की तो शेवटपर्यंत गेल्याशिवाय कळायचा नाही.

विषय बोटीचा आहे. तुम्ही आमच्या फ्रेमच्या दुकानात आला होतात, तेव्हा काउंटरच्या मागच्या भिंतीवरचा एक फोटो बघून 'हे तुमचे कोण?' असं विचारलं होतंत. एक नवरा, एक बायको, मोठ्या जहाजाच्या कठड्याला टेकून उभे, मागे नुसतं पाणी. व्याहीबुवा, ते आमचे कोणीही नाहीत. कुणीतरी फोटो फ्रेम करायला टाकला आणि परत उगवलाच नाही. आमच्या धंद्यात हे फार. लग्नाचा फोटो मढवायला देतात आणि फ्रेम सुकेपर्यंत लग्न मोडतं. पदवीचा कागद देतात आणि नोकरी लागली नाही की त्या कागदाचं तोंड बघत नाहीत. माझ्या भिंतीवर निम्मी माणसं अशी बेवारस लटकलेली आहेत. त्या बोटीच्या फोटोने मला शिकवलं. तेव्हापासून अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय मी खिळा उचलत नाही. इसार न घेता केलेली ती शेवटची फ्रेम.

तर आमची ही रोज चार वाजता चहा घेऊन येते, स्टुलावर बसते आणि त्या दोघांकडे बघते. वर्षानुवर्षं बघते आहे. आता तर ती त्यांच्याविषयी शेजाऱ्यांसारखं बोलते. 'यांना कसली घाई नाही बघा.' 'या बाईने आज स्वयंपाक केलेला नाही.' मी काच कापता कापता हुं करायचो. पण माणूस दगड नसतो. गेल्या वर्षी मनात म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो भिंतीला लावले, एकदा हिचाही लागू दे. आणि क्रूझ बुक करायला बसलो.

तुमच्या सूनबाईंनी (म्हणजे आमच्याच दिवट्या लेकीने) ते संकेतस्थळ उघडून दिलं. बोट सुटणार आपल्याच बंदरातून, इथून बसने अर्धा तास. भाडं लिहिलेलं आपल्याच पैशांत. खोली दोघांची, खिडकीची. ती म्हणाली, बाबा, कार्डावर एकदम सगळे भरून मोकळे व्हा. मी म्हटलं, अगं, न बघितलेल्या माणसाला, न बघितलेल्या बोटीचे, सगळे पैसे? मी शहाणा. माझ्या दुकानात कुणी एकदम सगळे पैसे दिले तर मीसुद्धा त्याचं काम सगळ्यांत शेवटी करतो, कारण तो आता कुठे जाणार? थोडं थोडं देणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र दुकानदार तळहातावर ठेवतो. आणि त्या कंपनीची सोय अशी की बोट सुटायच्या महिनाभर आधीपर्यंत केव्हाही, कितीही भरा. मला तर ती कंपनी खानदानी वाटली. मग दर शनिवारी दुकान बंद करताना, गल्ल्यात जे असेल त्या मानाने, कार्डावरून कधी जास्त, कधी अगदी चहापाण्याइतके, असे मी त्यांना सोडत गेलो. प्रत्येक वेळी त्यांचं आभाराचं पत्र यायचं. तुम्ही तीस वर्षं लोकांकडून पट्टी घेतलीत, एकदा तरी कुणाचे आभार मानलेत?

कार्डाचं बिल दर महिन्याला मी बँकेत जाऊन भरायचो. बेरीज जराशी फुगलेली वाटायची. म्हटलं, आपलंच गणित कच्चं. (शाळा मी चौथीत सोडली, बाकीचं गणित काच वाया गेल्यावर शिकलो.) शेवटी एकदा लेक आली असताना तिने तो तपशील उघडला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वाकड्या मारलेल्या खिळ्याकडे बघतो. माझ्या प्रत्येक शनिवारच्या रकमेखाली एक छोटी रक्कम चिकटलेली होती. गाईच्या मागे वासरू तशी. नाव, परदेशी व्यवहाराचं शुल्क. शंभराला साडेतीन, पण कमीत कमी अमुक. आणि ते कमीत कमी म्हणजे बरोबर आमच्या दुकानातल्या एका लहान फ्रेमची किंमत, काचेसकट. ज्या शनिवारी मी चहापाण्याइतके भरले, त्या शनिवारी चहापेक्षा वासरू मोठं.

थोडक्यात, एकदम भरले असते तर साडेतीन टक्क्यांत भागलं असतं. मी शहाणपणाने एकोणीस तुकडे केले आणि एकोणीस फ्रेमा समुद्रात फेकल्या.

कार्डाच्या लोकांना फोन लावला. पलीकडे एक पोरगी होती, आवाज गोड, धीर डोंगराएवढा. मी तिला विचारलं, बाई, बोट आपल्या बंदरात, पैसे आपले, कार्ड आपलं, आणि मी तर स्टुलावरून उठलोसुद्धा नाही. मग यात परदेशी कोण? ती म्हणाली, काका, कंपनी परदेशी आहे. तुमचे पैसे तिकडे जाऊन पोचले. मी म्हटलं, म्हणजे मी जायच्या आधी माझे पैसे फिरून आले आणि त्यांच्या प्रवासाचं भाडंही मीच दिलं? ती म्हणाली, हो काका, असं म्हणता येईल. हे नियम कुठे लिहिले आहेत विचारलं तर म्हणाली, कार्डासोबत पुस्तिका आली होती त्यात. ती पुस्तिका मला आठवते. तिचा कागद चांगला जाड होता. एका फ्रेमच्या पाठीला लावून टाकला.

आता इथे शहाणा माणूस थांबला असता. मी म्हटलं, जे चुकलं ते उलटं करावं, खिळा वाकला तर उपटावा. म्हणून शेवटच्या शनिवारची रक्कम कंपनीकडून परत मागवली. खानदानी लोक, त्यांनी पै न पै परत केली. पण ते शुल्क काही परत आलं नाही. गाय घरी आली, वासरू तिकडेच. मग लेकीने कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं आणि उरलेले सगळे एका दमात भरले. त्याच्यावर शंभराला साडेतीन लागलेच, पण निदान एकदाच.

इथवरही चाललं असतं, व्याहीबुवा. पण मला नंतर कळलं की बोटीवर जे काही घ्याल, सरबत घ्या, फोटो काढा, खुर्चीवर पाय चेपून घ्या, त्याचे पैसे त्या परदेशी कंपनीकडेच जाणार आणि मागून वासरू येणार. मग मी डोक्याने कामाला लागलो. दोन थर्मास आणले. सरबताचं पाणी घरून न्यायचं ठरवलं. कोणत्या गोष्टीला हात लावायचा नाही ते हिला समजावून सांगायला लागलो, सकाळी एकदा आणि जेवताना एकदा. मध्ये एकदा मी झोपेत 'कमीत कमी' असं म्हणालो म्हणे.

गेल्या आठवड्यात चारच्या चहाला ही आली, स्टुलावर बसली आणि मी थर्मासच्या बुचाविषयी बोलत असताना शांतपणे म्हणाली, "मी तुमच्याबरोबर आले तर मला समुद्र दिसायचा नाही. मोजणारी तुमची बोटंच दिसतील."

मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच तर हे सगळं.

ती भिंतीवरच्या त्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "याचे हात बघा. रिकामे आहेत."

मी मान वळवून बघितलं. इतकी वर्षं तो माणूस माझ्या डोक्यामागे लटकतो आहे, पण त्याच्या हातांकडे मी कधी बघितलं नव्हतं. मी फ्रेमवाला, मी कडा बघतो. तर असं आहे. मी हिच्यासाठी बोट ठरवली, आणि हिने मला बोटीवरून उतरवलं, तेही बोट सुटायच्या आधी. एकोणीस फ्रेमा घालवून मी घरीच राहणार, आणि खरं सांगू का, मला त्याचं वाईट वाटायला हवं तितकं वाटत नाही. होडीत बसलो तरी माझ्या पोटात खळबळ होते. हे मी हिला सांगितलेलं नव्हतं. तुम्हीही सांगू नका.

एवढंच सांगायचं होतं. हे पत्र पैशासाठी आहे असं वाटून तुम्ही पाकीट चाचपलं असेल, तर हात बाहेर काढा. माझं मी निस्तरलं आहे. घरच्या सगळ्यांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक, आणि नळांना विश्रांती.

तुमचा व्याही,
फ्रेमवाला

ता. क. खोली दोघांची आहे हे वर लिहिलं होतं. माझी जागा रिकामी झाली, हेही लिहिलं. तिथे विहीणबाईंचं नाव घातलं आहे. त्यांच्याइतकं हसणारं माणूस आमच्या हिला दुसरं सापडलं नाही. तुम्ही म्हणाल, पासपोर्ट कुठे आहे. तर आहे. मागच्या हिवाळ्यात सूनबाई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या होत्या, आठवतं? डोळे उत्तम आहेत, ती फेरी पासपोर्टची होती. (माझी जागा तेव्हा रिकामी झालेली नव्हती, पण ते मी या दोघींना विचारलेलं नाही.) पासपोर्ट तुमच्या पिठाच्या डब्यामागे आहे. तुम्ही आजवर तो डबा हलवलेला नाही, म्हणून जागा सुरक्षित ठरली.

ता. क. दुसरा. तुम्ही लगेच नाव काढून टाकायला सांगाल, म्हणून आधीच कळवतो. नाव बदलायचे त्या कंपनीने पैसे घेतले आणि त्याच्यामागे वासरू आलंच. परत बदललं तर परत येईल, आणि या वेळी ते तुमच्या गोठ्यात बांधावं लागेल. तुम्ही हिशेबी माणूस. 'घर उघडं टाकून कसं जायचं' हे तुमचं नेहमीचं कारणही चालणार नाही, कारण तुम्ही घरीच आहात. बोटीचे ते आठ दिवस मीही तुमच्याकडे येतो आहे. मला भात टाकता येतो, पाणी किती घालायचं ते तुम्ही सांगा. पाणी हा तुमचा विषय.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहायचं कारण हेच. विहीणबाई तुम्हांला सांगायला कचरताहेत. गेले चार दिवस फोनवर हसू ऐकू आलेलं नाही. काचा अगदी गप्प आहेत. नुसतं हळू आवाजात 'आज सांगते', 'उद्या सांगते' चाललं आहे. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याकडे समुद्र मागायला चार दिवस पुरू नयेत, हे तुम्हांलाही आवडणार नाही, हे मी जाणतो. तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आत तुम्हीच 'जा' म्हणा. एका अक्षराचं काम आहे, आणि त्याच्यावर कमीत कमी असं काही लागत नाही.

ता. क. शेवटचा. त्या दोघा बेवारशांना मी काल भिंतीवरून उतरवून खालच्या रांगेत लावलं. त्यांच्या जागी नवी फ्रेम टांगली आहे, दोघी ऐसपैस मावतील अशी. फोटो अजून यायचा आहे. इसार घेतलेला नाही.