ओठातली टाचणी

ता. ५ फेब्रुवारी

ती. ताईस धाकटीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

बसून वाच. गेल्या सोमवारी नर्सबाई पांढऱ्या कोटाच्या फिटिंगला आल्या. मी नेहमीसारख्या टाचण्या ओठांत धरून, गुडघ्यांवर बसून घेर टाचत होते. कोटावर लाल ठिपके पडले. मला वाटलं त्यांनाच टोचली, तर त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्याच ओठात टाचणी अर्धी घुसलेली आणि मला पत्ता नाही. मग डोळे मिटायला लावून त्यांनी आणखी दोनदा टोचलं. कधी टोचणार, असं मी विचारतच राहिले.

हाताला धरून इस्पितळात नेलं. ओठाचा तुकडा काढून तपासला. गेल्या वर्षी ओठावरची डाळीएवढी कॅन्सरची गाठ काढली ना, ती संपली नव्हती. नसेत शिरून जबड्यातून वर निघालीय, आणि नसच तिला खाऊपिऊ घालतेय म्हणे. ओठातल्या कळा थांबल्या त्या बरं वाटून नव्हे, नस बधिर झाली म्हणून. आणि मी खुळी, दुखणं गेलं म्हणून तपासणीला जायची बंद झाले.

येत्या सोमवारी कापणार. नसेतून डोक्यात पोचली असेल तर कठीण, असं तोंडावर सांगितलं. लोभ पत्रातून नको, येऊन दाखव.

तुझी धाकटी

ता. ८ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आशीर्वाद.

पत्र हातात, दूध गॅसवर करपलं. दुखत नाही तर कशाला खेटे घालतेस, असं तुला मीच लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाक. नको, ठेव. मला दाखव.

उद्या निघते. जन्मात तू गप्प बसलीस ती टाचण्या तोंडात असतानाच. मी येईपर्यंत मला पोटभर शिव्या दे. आशीर्वाद पाठवते, मागोमाग मीही.

तुझी ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस सा. न.

तू गेलीस आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. कापलेल्या नसेचं वरचं टोक स्वच्छ निघालं, गाठ डोक्यापर्यंत गेलेली नाही. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा विचारलं. तरी सहा आठवडे किरणं घ्यायचीत. ओठाची डावी बाजू कायमची बधिर, चहा हनुवटीवर येतो. टाचण्या आता तू शिवलेल्या मनगटावरच्या उशीत.

तुझं ते पत्र सापडलं. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर नर्सबाईंच्या नव्या कोटाची मापं लिहिली.

रोज दुकान उघडण्याआधी ओठाच्या उजव्या बाजूला टाचणी लावून बघते. आज चांगलंच दुखलं.

माया राहू दे, सल्ले नकोत.

धाकटी