अनुदान बंद, मी सुरू

४ मार्च, सकाळी ७.१०
निवृत्त होऊन तीन महिने झाले. एवढा अनुभव घरात बसून गंजतोय. आज पेपरात बातमी: पलीकडच्या गल्लीतल्या संस्थेचं सरकारी अनुदान बंद. ही संस्था गरजूंना व्हीलचेअर, वॉकर, आजाऱ्याची कॉट वापरायला देते, काम झालं की परत घेते. महिनाअखेर कुलूप लागणार म्हणे. पेपर खाली ठेवला आणि ठरवलं, संस्था मी वाचवणार. कंपनीत अठ्ठावीस वर्षं ट्रेनिंग विभाग सांभाळला, ही तर एक खोली. हिला सांगितलं. ही म्हणाली, "आधी त्यांना विचारा तरी." विचारत बसणाऱ्यांच्या हातून इतिहास घडत नसतो.

५ मार्च
संस्थेत गेलो. लांबट खोली, भिंतीला टेकून कॉटा, वर खुंट्यांना कुबड्या. माणसं दोन. एक निवृत्त नर्स, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. दुसरा वेल्डर, आपलं दुकान सांभाळून इथली चाकं दुरुस्त करतो. सिस्टरना थेट विचारलं, तुमचं व्हिजन काय? म्हणाल्या, डोळ्यांचं आपल्याकडे काही नसतं, समोरच्या दवाखान्यात बघा. परिस्थिती वाटली त्यापेक्षा गंभीर आहे.
प्रमुख सल्लागार व्हायला तयार आहे, तेही फुकट, असं सांगितलं. म्हणाल्या, "व्हा की. तेवढं ते दार धरा जरा, खुर्ची बाहेर काढायचीय." नेमणूक पक्की.

९ मार्च
प्रेझेंटेशन. विषय: ‘अनुदानाकडून अवकाशाकडे’. स्लाइड बेचाळीस. सहाव्या स्लाइडला एक मुलगी धापा टाकत आली. वडिलांना दुपारीच दवाखान्यातून घरी सोडणार होते, कॉट हवी होती. सिस्टर आणि वेल्डर कॉट उचलून तिच्यासोबत गेले ते गेलेच. उरलेल्या छत्तीस स्लाइड खुर्च्यांना दाखवल्या. शिस्त म्हणजे शिस्त. फरशीला उतार असावा, बाराव्या स्लाइडला एक व्हीलचेअर आपणहून दाराकडे निघाली.

१३ मार्च
खरी गोम सापडली. नाव! ‘रुग्णसाहित्य सेवा केंद्र’ वाचूनच धडधाकट माणूस आजारी पडेल. नवीन नाव ‘गतिमान’. पाटी पदरमोड करून रंगवून घेतली. सिस्टर बाहेर गेल्या होत्या, तेवढ्यात जुनी काढून नवी लावली. सरप्राइज.

१४ मार्च
दुपारपर्यंत अकरा नवे लोक. प्रतिसाद प्रचंड. पैकी नऊ जण आपलं पार्सल कुठवर आलं ते विचारत होते, दोघांना गाडी चालवायला शिकायचं होतं. तरी अकरा म्हणजे अकरा.

१५ मार्च
एक गृहस्थ काल आईसाठी वॉकर न्यायला आले होते. गल्लीतून दोनदा फिरले, पाटी दिसेना, परत गेले. आई भिंत धरून चालताना मोरीपाशी तोल जाऊन पडता पडता वाचल्या. सिस्टरनी जुनी पाटी पुसायला घेतली. वेल्डरने पाटी उतरवली. पत्रा चांगला आहे म्हणाला, खुर्चीला पाय ठेवायला होईल. मनाला लागलं. दुपारी जेवलो नाही. (चार वाजता जेवलो.)

२० मार्च
किरकोळ गोष्टी बंद. मोठा मासा गाठला. मेहुण्याच्या ओळखीने एका कारखानदारांची भेट. दोन तास बाहेर सोफ्यावर, दहा मिनिटं आत. त्यातली आठ माझ्या कारकिर्दीला लागली. त्यांनी एकच विचारलं, वर्षभरात किती जणांनी साहित्य नेलं? म्हटलं, असंख्य. म्हणाले, मोजून या. अतिशय सकारात्मक चर्चा. मेहुण्याच्या मते याला वाटेला लावणं म्हणतात. त्याला कॉर्पोरेट भाषा कळत नाही.

२२ मार्च
सर्व्हे सुरू. सिस्टरकडून रजिस्टरं घेतली. पूर्वी साहित्य नेलेल्यांना घरून फोन करायचे, बारा प्रश्न, प्रत्येकी तीन मिनिटं. दोन दिवसांत काम फत्ते.

२६ मार्च
पाचवा दिवस. सरळ उत्तर देईल तर शपथ. एका आजींनी चाळीस मिनिटं घेतली. त्यांचे यजमान शेवटचे दोन महिने आपल्या कॉटवर होते. डोक्याकडची बाजू वर करता यायची, त्यामुळे पडल्या पडल्या त्यांना खिडकीबाहेरचं दिसायचं. समोरच्या गच्चीवरची कबुतरं मोजायचे आणि रोज आकडा चुकवायचे. हे कुठल्या रकान्यात भरायचं? प्रश्न चारपुढे ‘कबुतरं’ लिहिलं. उठून पाणी प्यायलो. सततच्या बोलण्याने तहान लागते.
वर प्रत्येक जण मलाच विचारतो, संस्था बंद होणार का हो? होय, एकतीसला, असं सांगून प्रश्न पाचकडे वळावं तर समोरून फोन ठेवतात. एकशे चौसष्ट फोन, पूर्ण भरलेले फॉर्म तीन. सर्व्हे साफ फसला. कारखानदारांना काय तोंड दाखवू?

२८ मार्च
संस्थेत गेलो तर पाय ठेवायला जागा नाही. बाहेर पायऱ्यांवरसुद्धा माणसं. शाळेची व्हॅन चालवणारे म्हणाले, दुपारी गाडी रिकामीच असते, कॉटा मी पोचवीन. एक शिंपीणबाई गाद्यांची मापं घेत होत्या. खोलीचे मालक आले होते. त्यांचे वडील इथल्याच खुर्चीवरून शेवटचे घराबाहेर पडले होते. वर्षभर भाडं नको म्हणाले. साठेक घरं दरमहा जमेल तसं द्यायला तयार. सिस्टर सारख्या चष्मा पुसत होत्या. तुम्हाला कळलं कसं, असं त्यांनी विचारलं. दहाबारा जण एकदम म्हणाले, "कुणाचा तरी फोन आला होता. कसले कसले प्रश्न विचारत होता बिचारा."
बिचारा! एवढ्या गोंधळात प्रेझेंटेशन राहिलंच. प्रोजेक्टरची पिन काढून कुणीतरी पंखा लावला होता.

३१ मार्च, रविवार
कुलूप लागलं नाही. समिती निवडली. आभाराचं भाषण खिशात तयार होतं, शर्ट इस्त्रीचा. अध्यक्ष: कबुतरांच्या आजी. सचिव: शिंपीणबाई. वेल्डरसुद्धा समितीत. भाषण खिशातच राहिलं.
शेवटी सिस्टरनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, "लोकांचं इतका वेळ ऐकून घेणारा माणूस आमच्याकडे नव्हता. मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते बारा फोनवर बसाल?" मान्य केलं. पद मीच लिहून ठेवलं: प्रमुख, दूरसंवाद विभाग. हिला सांगितलं. हिने डबा कितीचा लागेल ते विचारलं.

२ एप्रिल, मंगळवार
१०.२० ला पहिला फोन. एक बाई. सासऱ्यांना उद्या घरी आणायचंय, काय काय लागतं काहीच ठाऊक नाही, घरी दुसरं कुणी नाही. बोलता बोलता रडायला लागल्या. फॉर्म समोर होता, पण उघडला नाही. कॉट, हवेची गादी, धरून उठायचा दांडा, असं लिहून घेतलं. व्हॅन तीनला येईल, जिना अरुंद असेल तर वेल्डर सोबत येईल, असं सांगितलं. मग त्या सासऱ्यांविषयी बोलत राहिल्या. मी हं, हं करत होतो. पंचवीस मिनिटं.
शेवटी त्यांनी विचारलं, आपण कोण बोलताय? मी सरसावून बसलो, घसा साफ केला. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "कोणी का असेना, बोलून बरं वाटलं." आणि फोन ठेवला.