पियानोच्या झाकणाचा आवाज

दादा,

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितोय. त्या दिवशी वाजवता वाजवता चिडून तू ड्रमवरून उठून माझ्या उजव्या हातावर पियानोचं झाकण आपटलंस, तेव्हा टेप चालू होती. माझी बोटं मोडल्याचा आवाज आणि माझी किंकाळी तू रेकॉर्डवर तशीच ठेवलीस. लोकांनी नेमकं तेच वाखाणलं, तर मिशीतल्या मिशीत हसलास. म्हणालास, "आपल्या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर आयत्या वेळी सुचलेलंच निघतं. काटछाट नाही. जे वाजलं ते वाजलं."

आज त्या रेकॉर्डचे सगळे खोके मी हातोड्याने फोडले. मग तुझे ड्रम. आईला म्हणावं, माझं ताट वाढू नकोस.

फोडताना माइक चालू ठेवला होता. टेप मशीनवरच आहे. काटछाट करू नकोस.