परत पाठवलेले बांबू

बाबा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि मी आता लिहायला बसलोय.

बुलढाण्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आम्हाला ग्रीकांच्या जुन्या लढाईचं एक महाकाव्य होतं. सुट्टीत जानेफळला आलो की तुम्ही ओसरीवर शेंगा फोडत म्हणायचे, "सांग बे, पुढं काय झालं?" एकदा मी त्या म्हाताऱ्या राजाचं सांगितलं. ज्यानं पोराला मारलं, त्याच्याच तंबूत जाऊन तो पोराचं मढं मागतो. "देलं का मंग त्यानं?" दिलं म्हटल्यावर तुम्ही पुढची शेंग उचलली. "देईनच ना. मढं अडवते का कोणी?" तुम्हाला नवल वाटलंच नाही. गावात कुणीही गेलं की तिरडी बांधायला तुम्हालाच बोलावणं. शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणात ज्यानं आपल्याला वर्षानुवर्षं कोर्टात फिरवलं, त्याचीही तुम्हीच बांधली. मी भडकलो होतो, "काऊन गेले तुम्ही?" तुम्ही म्हणाले, "भांडण त्याच्याशी होतं. त्याच्या तिरडीनं माह्यं काय घेतलं?"

त्याच वर्षी, परीक्षेच्या तोंडावर, तुम्ही गेले. त्या कोर्टात फिरवणाऱ्याचा पोरगा, माझ्याच वयाचा, स्वतःच्या मळ्यातले दोन हिरवे बांबू खांद्यावर घेऊन अंगणात आला. "काकानं माह्या बाची बांधली होती. मले बांधू दे." अन् मी, बाबा, सगळ्यांसमोर म्हटलं, "ने वापस. तुह्या घरचं लाकूड आमच्या बाले नाही लागत." आई नुसती "अबे, अबे" करत राहिली. तो बांबू उचलून निघून गेला. दुसरे बांबू येईपर्यंत तुम्ही तासभर अंगणात पडून होते. मढं अडवलं ते मीच.

पेपरात नेमका त्या म्हाताऱ्या राजावरच प्रश्न आला. शत्रूच्या दुःखात आपलं दुःख ओळखणं वगैरे मी चार पानं खरडली आणि वर्गात पहिला आलो. थू! कुठला भाला कुणाच्या बरगडीत घुसला हेसुद्धा पाठ होतं मला. काय वाचलं होतं मी, देव जाणे. त्यानंतर ते पुस्तक उघडवलं नाही, आणि मी त्यातून काही शिकलो असं म्हणायचीही लाज वाटते.

तुम्हाला पत्र पोचायची सोय नाही, म्हणून तर इतकं लिहवतंय. खरं म्हणजे हे बांबू घेऊन आलेल्या त्याला लिहायला पाहिजे. तो इथंच राहतो, आपल्यापासून तिसरं घर. दिसलो की हाक मारतो, "चाल, च्या घे." मी कामाचं निमित्त काढतो. आजही जाणार नाही मी, बाबा.